मुंबईच्या घरात वापरात राहणारं क्रोशाकाम: पहिल्या साखळीपासून तोरणापर्यंत

क्रोशाचं काहीही विणायला घेण्याआधी ती वस्तू घरात कुठे राहणार, कोण वापरणार आणि कशी धुतली जाणार, हे ठरवा. नमुना त्यानंतर निवडा. मुंबईत तर हे आधी ठरवायलाच हवं. पावसाळ्याचे चार महिने कपडे धड वाळत नाहीत, खाऱ्या हवेने लोखंडाला गंज आणि कापडाला बुरशी पटकन धरते, आणि वन बीएचकेमध्ये नुसत्या शोभेच्या वस्तूंना जागा कुठून आणायची? टीव्हीवरचे, टीपॉयवरचे, सोफ्याच्या पाठीवरचे रुमाल आपल्या आई-आज्यांनी फार मायेने विणले, आणि त्यातले कितीतरी आज ट्रंकेत पिवळे पडून आहेत. ते हात इतके चांगले होते की ते काम रोजच्या वापरात राहायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून इथे रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तू घेतल्या आहेत: गरम भांडं धरायचं फडकं, तांब्यावरचं मण्यांचं झाकण, भाजीची जाळीची पिशवी, दाराचं तोरण आणि बाळाचं टोपडं. याच क्रमाने विणा. पहिल्या वस्तूत हात बसतो, दुसरीत गोल विणायला येतो आणि तोच गोल पुढे पिशवीत आणि टोपड्यात पुन्हा कामाला येतो.

दोरा आणि सुई

मुंबईसाठी माझं मत स्पष्ट आहे: सुती दोरा घ्या. लोकरीची ऊब इथे वर्षातले फार तर काही आठवडे लागते. अ‍ॅक्रिलिकचा धागा स्वस्त असतो, रंगही भरपूर मिळतात, पण तो घाम आणि पाणी शोषत नाही. शिवाय गरम भांड्याला लागला तर वितळून चिकटतो. स्वयंपाकघरात तो नकोच.

सुती दोऱ्यात दोन प्रकार लक्षात ठेवा. एक, चकाकणारा मर्सराइज्ड दोरा. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली, त्यातून ही पद्धत निघाली. पुढे हीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली जाऊ लागली आणि त्याला तकाकी आली. असा दोरा मजबूत होतो आणि रंग चांगला धरतो. अँकरचे गुंडे बहुतेक सगळीकडे मिळतात. त्यावरचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, म्हणजे २० नंबरपेक्षा ४० नंबर बारीक. दुसरा प्रकार निटिंग कॉटन, ४ प्लाय किंवा ६ प्लाय, म्हणजे चार किंवा सहा पदरांचा. तो जाडसर आणि मऊ असतो, चकाकी कमी. झाकणाला २० नंबर, टोपड्याला आणि तोरणाला ४ प्लाय, फडक्याला आणि पिशवीला ६ प्लाय घ्या.

क्रोशाची आकडेदार टोकाची सुई दोऱ्याप्रमाणे: २० नंबरला १.२५ मिलीमीटरची स्टीलची, ४ प्लायला २.५ ते ३, आणि ६ प्लायला ३.५ मिलीमीटरची. अगदी नवशिक्या असाल तर ६ प्लाय आणि ३.५ ने सुरुवात करा. टाके डोळ्यांना नीट दिसतात, आणि शिकताना त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते. दादर पश्चिमेला रानडे रोडच्या आसपास शिवणकामाच्या सामानाच्या दुकानांत किंवा भुलेश्वरच्या लेस-मण्यांच्या गल्ल्यांत हे सगळं मिळतं. दुकानदाराकडून गुंडे घेताना लेबलावरचा लॉट नंबर एकच आहे ना, ते बघा. वेगळ्या लॉटचा तोच रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखा दिसतो आणि घरी उन्हात पट्टा स्पष्ट उठतो. एक गुंडा जास्तीचा घेतलेला बरा.

स्टीलच्या सुईचं निकलचं पाणी उडालं की इथल्या हवेत ती गंजते, आणि पांढऱ्या दोऱ्यावर पडलेला गंजाचा डाग सहसा जात नाही. काम संपलं की सुई कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये तळहाताला घाम येतो तेव्हा मध्येमध्ये हात धुऊन पुसत राहा.

चार टाके

सरकती गाठ मारून लूप सुईवर घ्या. डाव्या हाताच्या करंगळीला दोऱ्याचा एक वेढा देऊन दोरा तर्जनीवरून सोडा. दोऱ्याचा ताण ही तर्जनी सांभाळते. सुई पेन्सिलसारखी धरा किंवा सुरीसारखी, दोन्ही बरोबर. डावखुऱ्यांनी सगळं उलट्या हातांनी करायचं.

साखळी: सुईवर दोऱ्याचा वेढा घ्या आणि लूपमधून ओढून काढा. एक साखळी झाली. घरे, म्हणजे पुढचा टाका घालायच्या जागा, सारखी येईपर्यंत नुसत्या साखळ्या घाला आणि उसवा. साखळी फार आवळलीत तर पुढच्या ओळीत सुई शिरत नाही. हात घट्ट असेल तर साखळीपुरती अर्ध्या मिलीमीटरने मोठी सुई वापरा.

मुका खांब: टाक्यात सुई घाला, दोरा ओढून घ्या, सुईवर दोन लूप होतील. पुन्हा वेढा घेऊन दोन्हींतून एकदम काढा.

अर्धा खांब: टाक्यात सुई घालण्याआधीच एक वेढा घ्या, मग दोरा ओढा, तीन लूप होतील. वेढा घेऊन तिन्हींतून एकदम काढा.

खांब: तसेच तीन लूप करा, पण वेढा घेऊन आधी दोनांतून काढा, पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून.

फेरी जोडायला लागते ती स्लिप स्टिच: टाक्यात सुई घालून दोरा ओढायचा आणि सुईवरच्या लूपमधूनही लगेच काढायचा.

यूट्यूबवर शिकताना एक घोळ हमखास होतो. आपला मुका खांब अमेरिकेत सिंगल क्रोशे आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणून ओळखला जातो. आपला खांब अमेरिकेचा डबल, ब्रिटनचा ट्रेबल. कुठलाही इंग्रजी नमुना घेण्याआधी तो कुठल्या पद्धतीचा आहे ते बघून घ्या, नाहीतर वस्तू भलत्याच मापाची होते.

गरम भांड्याचं फडकं

आधी १२ सेंटीमीटरचा एक नमुना तुकडा विणा आणि मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. समजा २० बसले. फडकं १८ सेंटीमीटरचं हवं, म्हणजे ३६ टाके. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे तुम्हाला तंतोतंत लागू होत नाहीत. हा तुकडा विणायचा कंटाळा करू नका, मापाची प्रत्येक वस्तू यावरच उभी असते.

३७ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, मग प्रत्येक साखळीत एक, एकूण ३६. एक साखळी घालून काम फिरवा आणि पुन्हा ३६. चौकोन होईपर्यंत असंच. ओळीचा शेवटचा टाका कडेला दडलेला असतो. तो सुटला की चौकोन वर निमुळता होत जातो. पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक वेळी मोजा, मग डोळ्याला ते घर दिसायला लागतं.

खांबांनी हे फडकं लवकर होईल, पण खांबांमध्ये फटी राहतात आणि चटका बसतो. मुके खांबच हवेत, आणि तेही दोन थरांत. दोन सारखे चौकोन एकावर एक ठेवून कडेने दोन्हींतून मिळून मुके खांब घाला, कोपऱ्याच्या घरात तीन-तीन. शेवटच्या कोपऱ्यावर १२ साखळ्यांचा फास करा, खिळ्याला अडकवायला. फडकं ओलं असताना भांडं धरू नका. ओल्या सुतातून उष्णता फार लवकर हाताला पोचते.

तांब्यावरचं मण्यांचं झाकण

क्रोशाच्या घरगुती वस्तूंत मला हे सगळ्यात जास्त आवडतं. पाण्याचा तांब्या, विरजण लावलेलं भांडं, देवापुढचा नैवेद्य, सगळ्यावर चालतं. हवा खेळती राहते, माशी बसत नाही, आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला मण्यांचं वजन असतं.

२० नंबरचा दोरा, १.२५ ची सुई. ६ साखळ्या घालून स्लिप स्टिचने कडी करा.

पहिली फेरी: ३ साखळ्या (हा पहिला खांब धरायचा), मग कडीत ११ खांब. एकूण १२. तिसऱ्या साखळीच्या डोक्यात स्लिप स्टिचने जोडा. पुढची प्रत्येक फेरी अशीच ३ साखळ्यांनी सुरू करून अशीच जोडायची.

दुसरी: प्रत्येक घरात दोन खांब, एकूण २४.

तिसरी: एका घरात एक, पुढच्यात दोन, एकूण ३६.

चौथीत दोन घरांत एकेक आणि तिसऱ्यात दोन, म्हणजे ४८. पाचवीत ६०, सहावीत ७२.

सपाट गोलाचा नियम यातच आहे. खांबांचा गोल असेल तर दर फेरीला १२ टाके वाढतात, मुक्या खांबांचा असेल तर ६. कडा वाटीसारखी वर उचलली तर वाढ कमी पडली आहे. कडेला झालर पडायला लागली तर वाढ जास्त झाली आहे. हे कळलं की नमुना नसला तरी कुठलाही गोल जमतो. भांडं मोठं असेल तर सातवीत ८४, आठवीत ९६ असं वाढवत न्या. विणलेला गोल भांड्याच्या तोंडावर ठेवून बघा. तोंड जेमतेम झाकलं गेलं की थांबा, बाहेर लोंबणारा भाग जाळीचा आणि मण्यांचा असेल.

आता जाळी. एक मुका खांब, ५ साखळ्या, दोन घरं सोडून तिसऱ्यात मुका खांब, पुन्हा ५ साखळ्या. ७२ घरांवर २४ कमानी होतील. शेवटची कमान सुरुवातीच्या मुक्या खांबात जोडा. पुढच्या फेरीसाठी पहिल्या कमानीच्या मध्यापर्यंत स्लिप स्टिचने सरका, मग प्रत्येक कमानीत एक मुका खांब आणि मध्ये ६ साखळ्या. फेरी जोडून दोरा तोडा.

तोडायचं कारण मणी. मणी आधी दोऱ्यात ओवावे लागतात, आणि सुरुवातीलाच ओवले तर प्रत्येक टाक्याला ते मागे सरकवत बसावं लागतं, दोराही घासला जातो. म्हणून शेवटच्या फेरीपुरते शिवणाच्या बारीक सुईने २४ मणी, एखादा जास्तीचा धरून, गुंड्याच्या दोऱ्यात ओवा. रंग ठरावीक क्रमाने हवे असतील तर उलट्या क्रमाने ओवायचे, कारण शेवटी ओवलेला मणी पहिल्यांदा विणला जातो. नवा दोरा एका कमानीत जोडून मुका खांब घाला. मग ३ साखळ्या, मणी सुईपर्यंत सरकवा, त्याच्या पुढे एक साखळी घालून तो बंद करा, आणखी ३ साखळ्या, पुढच्या कमानीत मुका खांब. असं २४ वेळा.

मणी काचेचे घ्या. प्लॅस्टिकचे हलके पडतात आणि धातूचे पाण्याने डाग सोडतात. उकळतं भांडं मात्र आधी निवू द्या, वाफेने मण्यांचा रंग उडतो.

भाजीची जाळीची पिशवी

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून प्रत्येकीच्या पर्समध्ये एक कापडी पिशवी असते. जाळीची पिशवी तिच्यापेक्षा कमी जागेत मावते, आणि कांदे-बटाटे तिच्यातच टांगून ठेवले तर हवा लागून टिकतात.

६ प्लाय दोऱ्याने झाकणासारखाच ७२ खांबांचा गोल विणा. हा तळ. मग ५ साखळ्यांच्या २४ कमानी, आणि पुढे प्रत्येक कमानीत मुका खांब, ५ साखळ्या, असं फेरी न जोडता गोल गोल चढत जा. सुरुवात कुठे होती ते कळायला वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा. लिंबं आणि हिरव्या मिरच्या निसटू नयेत असं वाटत असेल तर ५ ऐवजी ४ साखळ्या घाला, मात्र पिशवी थोडी अरुंद होईल. जाळी २५ सेंटीमीटर उंच झाली की थांबा. भाजी भरल्यावर ती आणखी लांबते, आणि लांबलेली पिशवी जिन्याच्या पायऱ्यांना घासते.

तोंडाशी प्रत्येक कमानीत दोन मुके खांब घाला, ४८ होतील. त्यावर आणखी तीन फेऱ्या मुक्या खांबांच्या. आता त्यातल्याच ७ टाक्यांवर पुढे-मागे विणत पट्टा न्या. पट्टा ४५ सेंटीमीटर झाला की पलीकडच्या बाजूला १७ टाके सोडून पुढच्या ७ टाक्यांना जोडा. दुसऱ्या बाजूलाही १७ टाके उरले पाहिजेत. हा जोड दोनदा शिवा, सगळं वजन तिथेच येतं. पट्टा याहून अरुंद केलात तर मंडईतून स्टेशनपर्यंत येईतो बोटांना वळ उठतात.

दाराचं तोरण

आधी चौकट मोजा. मुंबईतल्या फ्लॅटचं मुख्य दार बहुधा तीन फुटांच्या आसपास असतं, पण जुन्या चाळीतल्या दारांचा भरवसा नाही. ९० सेंटीमीटर धरलं आणि दर ५ सेंटीमीटरवर एक पान लावलं, तर दोन्ही टोकं मिळून १९ पानं लागतात. पानं विषम संख्येत असावीत म्हणजे एक बरोबर मधोमध येतं.

आंब्याचं पान असं: ४ प्लाय हिरव्या दोऱ्याच्या १२ साखळ्या. सुईपासून दुसऱ्या साखळीपासून सुरू करून १ मुका खांब, २ अर्धे खांब, ५ खांब, २ अर्धे खांब, १ मुका खांब, असे ११ टाके. टोकाला २ साखळ्या. काम गोल फिरवून साखळीच्या खालच्या बाजूने तेच ११ टाके परत, शेवटी स्लिप स्टिच. दोरा एक वीत ठेवून तोडा, त्यानेच पान पट्टीला शिवायचं. लोकलच्या लेडीज डब्यात बसायला मिळालं तर विणायला ही पानं उत्तम, मोजणी लक्षात राहते आणि एखादं स्टेशन आलं तरी हातातलं काम कुठेही थांबवता येतं. सुईच्या टोकाला बुचाचा तुकडा खोचून मगच ती पर्समध्ये टाका, गर्दीत कुणाला लागायला नको.

वरची पट्टी मुक्या खांबांची, चार-पाच ओळींची. क्रोशाची पट्टी स्वतःच्या वजनाने मध्ये झोळते, म्हणून मागून सुती नाडीपट्टी शिवा. पिवळा, केशरी आणि हिरवा हे रंग झेंडू-आंब्याचे म्हणून शोभतात. लाल घ्यायचा असेल तर त्याचा एक तुकडा आधी पांढऱ्या फडक्यासोबत भिजवून रंग जातो का ते बघा.

बाळाचं टोपडं

इथे मोजूनच. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर, सहा महिन्यांच्या बाळाचा ४३, वर्षाच्या बाळाचा ४६. वीण ताणली जाते म्हणून घेरातून २ सेंटीमीटर कमी करा आणि ३.१४ ने भागा. सहा महिन्यांच्या बाळाला ४१ भागिले ३.१४, म्हणजे १३ सेंटीमीटर व्यासाचा गोल. तेवढा गोल ४ प्लाय दोऱ्याने खांबांत विणा, मग न वाढवता सरळ फेऱ्या, कान झाकेपर्यंत, ९-१० सेंटीमीटर. दोऱ्याचा गुंडा गालाला लावून बघा, आपल्याला टोचला तर बाळालाही टोचेल.

टोपड्याला मणी, बटणं, मोती काहीही लावू नका. बाळ ते तोंडात घालतं. गळ्याखाली बांधायचे लांब बंदही नकोत, आणि झोपवताना टोपडं काढून ठेवा. मुंबईत ते आंघोळीनंतर किंवा एसीत थोडा वेळ घालण्यापुरतंच लागतं.

शेवटचं हातकाम, धुणं आणि ठेवणं

दोऱ्याची टोकं गाठ मारून कापू नका, गाठ धुण्यात सुटते. शिवणाच्या जाड सुईत टोक ओवून विणीच्या आतून एका दिशेने ५ सेंटीमीटर न्या, मग उलट दिशेने परत आणा, मग कापा.

झाकण आणि तोरणाची पानं ओली करून जाड टॉवेलवर हाताने आकार देत पसरा, न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून पंख्याखाली वाळवा. झाकणाला कडकपणा हवा असेल तर भाताची पेज किंवा साबुदाण्याची पातळ खळ चालते, पण जून ते सप्टेंबर खळ देऊ नका. दमट हवेत तिला बुरशी येते, झुरळंही लागतात.

मण्यांच्या वस्तू आणि टोपडं हाताने, कोमट पाण्यात. फडकं आणि पिशवी जाळीच्या लाँड्री बॅगेत घालून मशीनला टाकली तरी चालतात. पिशवी पट्ट्याने टांगून वाळवू नका, आडवी वाळवा. तोरणावर धूळ आणि धुराचा थर बसतो, ते दिवाळी आणि गुढीपाडव्याला उतरवून धुवा. कपाटात ठेवायचं असेल तर प्लॅस्टिकमध्ये नाही, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, सोबत वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात एकदा सगळं काढून पसरा आणि घड्या बदलून परत ठेवा.